पत्त्याचे शेपूट

मंगरूळपीरला येणारे एखादे पाकीट डोळ्यांपुढे आणा. वर माणसाचे नाव, खाली गल्ली, मग मु. पो. मंगरूळपीर, जि. वाशिम. टपालाची वर्गवारी करणारा मात्र हा पत्ता खालून वर वाचतो. आधी जिल्हा, मग गाव, माणूस सर्वांत शेवटी. संकेतस्थळाचा पत्ताही संगणक असाच उलटा, म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचतो. टोकाचे 'डॉट कॉम' किंवा 'डॉट इन' त्याला प्रथम लागते. त्याला डोमेन एक्स्टेन्शन म्हणतात. आपण शेपूट म्हणू.

संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. ते आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून 1983 साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावावरून आकडा शोधण्याची पद्धत आखली. जगातील सारी नावे एका नोंदवहीत कशी मावणार? म्हणून प्रत्येक शेपटाची नोंदवही निराळी आणि ती सांभाळणारा कारकूनही निराळा. 'इन'ची वही आपल्या देशात निक्सी ही संस्था सांभाळते. 'टीव्ही' हे शेपूट तर दूरदर्शनचे नव्हेच. ते प्रशांत महासागरातील तुवालू या चिमुकल्या देशाचे आहे!

आता मुद्द्याची गोष्ट. शेपटाची किंमत ठरते ती नाव लिहून घेण्यापूर्वी कारकून काय विचारतो, त्यावरून. 'कॉम'साठी पैसे भरले आणि नाव मोकळे असले की झाले. 'बँक डॉट इन'चे तसे नाही. रिझर्व्ह बँकेने 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत बँकांना या शेपटाखाली येण्यास सांगितले, आणि हे नाव हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडून फक्त बँकांनाच मिळते. घरी कुणाच्या मोबाइलवर बँकेची म्हणून जोडणी आली, तर पत्ता तपासून पाहा. आरंभीच्या दोन तिरप्या रेघा सोडा. पुढे पहिली तिरपी रेघ येईल, तिच्या लगेच आधीचे अक्षरसमूह म्हणजे खरे शेपूट. लबाड माणूस बँकेचे नाव डावीकडे खुशाल लिहितो. शेपटाला मात्र त्याचा हात पोचत नाही.

लिपीचाही प्रश्न आहेच. रोमन लिपीत 'ळ' नाही. आपल्या गावाचे नाव त्या लिपीत कोणी 'पीर'ला एक 'आय' देऊन लिहितो, कोणी दोन 'ई' देऊन. 27 ऑगस्ट 2014 रोजी देवनागरीतील 'डॉट भारत' सुरू झाले. मराठीसह आठ भाषांसाठी. परंतु नावांच्या जुन्या पद्धतीत 37 चिन्हेच चालतात : 26 रोमन अक्षरे, 10 अंक आणि एक जोडरेघ. मग 'भारत' त्यात बसवायचे कसे? प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो, 'ळ'चा 2355. त्या क्रमांकांवरून गणिताने रोमन रूप बनते. 'भारत'चे रूप होते 'एक्सएन', दोन जोडरेघा आणि 'एच2बीआरजे9सी'. आपण भारत लिहितो, यंत्र हे वाचते.

तरीही काही ठिकाणचे अर्ज देवनागरी पत्ता अजून स्वीकारत नाहीत. म्हणून शाळेने किंवा दुकानाने 'भारत' घ्यावे, पण जोडीला 'इन'ही ठेवावे, असे मला वाटते. आणि घेताना गावाचे नाव नीट तपासावे. ऱ्हस्व उकाराचा क्रमांक 2369, दीर्घाचा 2370. मंगरुळपीर आणि मंगरूळपीर ही संगणकाच्या लेखी दोन वेगळी गावे आहेत.