पॅकेजच्या आकड्यात काय असतं?

पन्नाशीच्या आसपास वर्गमित्र भेटले की ‘पॅकेज’ची चौकशी होतेच. पगारपत्रकं करण्यात माझी सारी नोकरी गेली, म्हणून सांगते: पॅकेज म्हणून सांगितला जाणारा सीटीसी (कंपनीला पडणारा एकूण खर्च) म्हणजे हातात पडणारा पगार नव्हे. त्यात पीएफचा कंपनीचा वाटा, बहुधा ग्रॅच्युइटीही धरलेली असते. उलट, 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी राज्य सरकारच्या सेवेत लागलेल्या लिपिक मैत्रिणीचा पगार कमी दिसतो. पण जुन्या योजनेत तिला अखेरच्या मूळ वेतनाच्या निम्मं निवृत्तिवेतन मिळतं, वर महागाई भत्ता. खासगीतल्या मित्राला ही तजवीज बहुतांशी स्वतःच करावी लागते. कुणी आईच्या आजारपणात नोकरी सोडलेली असते. ती वर्षं कुठल्याच पगारपत्रकावर दिसत नाहीत, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटतात. तेव्हा नुसत्या पॅकेजवरून स्वतःला कमी लेखू नका.