पाचवे शिक्षापद आणि समाजाचे उत्तरदायित्व

पंचशीलाचे ग्रहण हा बौद्ध उपासकाच्या जीवनातील नित्याचा संस्कार होय. विवाह असो, नामकरण असो वा पौर्णिमेची वंदना, पाचही शिक्षापदांचा उच्चार झाल्यावाचून आपला कोणताही विधी पूर्ण होत नाही. यांपैकी पाचवे शिक्षापद मद्यापासून विरत राहण्याचे आहे. ते आपण स्वतःपुरते ग्रहण करतो आणि ज्याचे शील त्याने सांभाळावे, अशा समजुतीने शेजारच्या तरुणाच्या व्यसनाकडे तटस्थपणे पाहतो. हे शिक्षापद व्यक्तीने घ्यावयाचे असले तरी त्याचे पालन शक्य होईल अशी परिस्थिती निर्माण करणे हे समाजाचे कार्य आहे, ही गोष्ट पालि साहित्याच्या आधारे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. 'सुरामेरयमज्जपमादट्ठान' हा या शिक्षापदातील मुख्य समास. विनयपिटकात सुरेचे पाच प्रकार सांगितले आहेत: पिठाची, अपूपाची, भाताची, किण्व घातलेली आणि अनेक द्रव्ये मिसळलेली. मेरय म्हणजे फुले, फळे, मध, गूळ इत्यादींपासून केलेले आसव. 'मज्ज' म्हणजे मद आणणारे, आणि 'पमादट्ठान' म्हणजे प्रमादाचे कारण. समासाचा सारा भार या शेवटच्या पदावर आहे. ज्या अप्रमादाचा उपदेश तथागतांनी महापरिनिर्वाणाच्या क्षणी केला, त्याच अप्रमादाचा येथे घात होतो. म्हणून गांजा, नशेच्या गोळ्या, किंवा आजची मुले हुंगतात ते व्हाइटनर आणि पंक्चरचे सोल्युशन, यांची नावे त्रिपिटकात नसली तरी ती याच शिक्षापदाच्या कक्षेत येतात.

तंबाखूचा प्रश्न थोडा वेगळा आहे. ही वनस्पती पोर्तुगिजांच्या आगमनानंतर भारतात आली. बुद्धकाळी ती येथे नव्हती. शिवाय औषध म्हणून धूर घेण्यास आणि त्यासाठी नळी वापरण्यास विनयात अनुज्ञा आहे. तंबाखूने दारूप्रमाणे शुद्ध हरपत नाही, हेही खरे. तरीही तृष्णेचे बंधन आणि देहाचा नाश ही दोन कारणे तिचा त्याग करण्यास पुरेशी आहेत. शिवाय अनेक मुलांची व्यसनाशी पहिली ओळख तंबाखूनेच होते, हे विसरता येणार नाही.

आता या नियमाच्या उत्पत्तीची कथा पाहू. भिक्खूंसाठी सुरापानाचा निषेध करणारा नियम पाचित्तिय वर्गातील एक्कावन्नावा होय. स्थविर सागत यांनी अम्बतित्थ येथे एका उग्र नागाचे दमन केले. त्यांची कीर्ती कोसंबीला पोहोचली. उपासकांना त्यांचा सत्कार करण्याची इच्छा झाली. भिक्खूंना दुर्लभ आणि प्रिय असे काय द्यावे, असे त्यांनी विचारले असता छब्बग्गिय भिक्खूंनी 'कापोतिका' नावाच्या मद्याचे नाव सुचविले. दुसऱ्या दिवशी सागत भिक्षेस निघाले तेव्हा घरोघरी ते मद्य सिद्ध होते. प्रत्येक घरी आग्रह झाला, प्रत्येक घरी ते प्यायले आणि नगराबाहेर पडताना वेशीत कोसळले. भिक्खूंनी उचलून आणून त्यांचे मस्तक तथागतांच्या दिशेला ठेवले, तर ते वळून पाय तथागतांकडे करून झोपले. तेव्हा भगवंतांनी विचारले, नागाचे दमन करणारा हा सागत आता पाणसापाचे तरी दमन करू शकेल काय?

ही कथा सांगताना आपण बहुधा सागतांच्या पतनावरच थांबतो. परंतु सुरापात्र त्यांच्या हाती कोणी दिले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ते देणारे शत्रू नव्हते, मद्यविक्रेतेही नव्हते. ते श्रद्धावान उपासक होते; त्यांचा हेतू गौरवाचा होता आणि सल्ला देणारे संघातीलच होते. एका घराने नकार दिला असता तर कदाचित काही घडले नसते असे नाही. घडले ते साऱ्या नगराने एकच गोष्ट सत्कार मानल्यामुळे. नागाला न भ्यालेला पुरुष आपल्याच माणसांच्या आग्रहापुढे टिकला नाही. मग पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने मित्रांच्या, चुलत्यांच्या, मंडळातील मोठ्या कार्यकर्त्यांच्या आग्रहापुढे एकट्याने टिकावे, ही अपेक्षा कितपत न्याय्य आहे?

सुत्तनिपातातील धम्मिकसुत्तात या प्रश्नाचे उत्तर मिळते. गृहस्थाने मद्य पिऊ नये, दुसऱ्यास पाजू नये आणि पिणाऱ्यास अनुमोदन देऊ नये, असे तीन पदरी विधान तेथे आहे. अंगुत्तरनिकायात उपासकाने वर्ज्य करावयाच्या पाच व्यापारांत मज्जवणिज्जा, म्हणजे मद्याचा व्यापार, येतो. दीघनिकायातील सिगालोवादसुत्त तर सिगाल या तरुण गृहपतिपुत्रालाच उद्देशून आहे. धनहानी, कलहवृद्धी, रोग, अपकीर्ती, निर्लज्जता आणि प्रज्ञेचे दौर्बल्य, असे मद्याचे सहा दुष्परिणाम त्यात सांगितले आहेत. अपत्यास पापापासून परावृत्त करणे हे आईबापांचे कर्तव्य आणि प्रमादात पडलेल्याचे रक्षण करणे हे खऱ्या मित्राचे लक्षण, असेही तेथे म्हटले आहे. म्हणजे शील पाळणारा एक आणि त्याचे रक्षण करणारे अनेक, अशी ही रचना आहे.

पूज्य बाबासाहेबांच्या भूमिकेतही हाच विवेक दिसतो. १९५१ साली शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनने प्रसिद्ध केलेल्या निवडणूक जाहीरनाम्यात सरकारी दारूबंदीला विरोध होता. तिच्यामुळे महसूल बुडतो आणि दारू घराघरात गाळली जाऊ लागल्याने स्त्रिया व मुलेही तिच्या आहारी जातात, असा त्यामागील युक्तिवाद होता. पाच वर्षांनंतर, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूर येथे त्यांनी अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे. या दोहोंत विसंगती नाही. पोलिसाच्या धाकाने जे साधत नाही ते समूहाने उभे राहून घेतलेल्या प्रतिज्ञेने साधावे, असा त्याचा अर्थ आहे. मुलांच्या डोळ्यांदेखत घरात दारू येणे, ही चिंता १९५१ इतकीच आजही खरी आहे.

आजची वस्तुस्थिती काय आहे? शालेय विद्यार्थ्यांच्या तंबाखूसेवनाविषयी २०१९ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी वयाच्या दहाव्या वाढदिवसापूर्वीच आरंभ केला होता. हे वय पानटपरीवर उभे राहण्याचे नव्हे. घरातील मिश्री, आजोबांची चंची आणि 'जा रे, एक पुडी घेऊन ये' ही आज्ञा, येथूनच हा आरंभ होतो. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या केंद्र शासनाच्या अमली पदार्थविषयक अहवालानुसार हुंगण्याच्या द्रव्यांचे प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वयाच्या मुलांत १.१७ टक्के आहे. मुलांचे प्रमाण प्रौढांहून अधिक असलेला नशेचा हा एकमेव प्रकार होय.

कायद्याची साधने आपल्या हाती आहेत. २००३ च्या कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीस, तसेच शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाच्या कलम ७७ प्रमाणे वैद्यकीय सल्ल्यावाचून बालकास मद्य, अमली पदार्थ वा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. महाराष्ट्रात २००८ च्या आदेशान्वये महिला मतदारांच्या गुप्त मतदानाने गावातील वा प्रभागातील परवानाधारक दारूदुकान बंद करता येते. बाटली 'आडवी' होण्यासाठी एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकींचा कौल लागतो. म्हणजे मतदानाला न गेलेली भगिनी नकळत दुकानाच्याच पारड्यात पडते. गडचिरोली जिल्ह्यात लोकचळवळीतून १९९३ साली दारूबंदी आली, आणि कायदा पुरेसा नाही हे ओळखून २०१६ पासून 'मुक्तिपथ' या उपक्रमाद्वारे गावोगाव संघटना बांधण्यात आल्या. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली लागू झालेली दारूबंदी २०२१ साली उठविण्यात आली. शासनाने दिलेले शासन काढून घेऊ शकते. वस्तीने स्वतः घेतलेला निर्णय मात्र वस्तीच टिकवू शकते.

म्हणून प्रत्येक विहाराने धम्मिकसुत्ताची तीन पदे आपल्या वस्तीला लावून पाहावीत. 'पिऊ नये' हे व्यक्तीचे झाले. 'पाजू नये' याचा अर्थ हळदीच्या रात्री आणि वरातीत पाहुण्यांसाठी बाटल्यांची सोय न करणे, मुलाला तंबाखूची पुडी आणण्यास न पाठविणे. 'अनुमोदन देऊ नये' याचा अर्थ १४ एप्रिलच्या मिरवणुकीत प्यायलेल्या कार्यकर्त्याच्या हाती ध्वज न देणे, मग तो वर्गणी कितीही देवो. वस्तीत जी विधवा वा निराधार भगिनी पोटासाठी दारू विकते, तिला केवळ हाकलून भागणार नाही. बचत गटाने तिला दुसरा धंदा उभा करून दिला पाहिजे. तरुणांना संध्याकाळी बसण्यासाठी अभ्यासिका आणि खेळण्यासाठी मैदान असेल, तर कट्ट्याची ओढ आपोआप कमी होईल.

आणि जो तरुण आधीच या फेऱ्यात सापडला आहे, त्याचे काय? सागतांना संघातून घालविले नाही, हे ध्यानी घ्यावे. पाचित्तिय हा दोष सांगून शुद्ध होण्याचा अपराध आहे. त्यासाठी निष्कासन नाही. अट्ठकथा सांगते की, शुद्धीवर आल्यावर सागतांना संवेग झाला आणि पुढे ते अर्हत्पदास पोहोचले. तेजोधातूत निपुण असणाऱ्यांत अग्र म्हणून अंगुत्तरनिकायात त्यांचे नाव आहे. व्यसन हा उपचारसाध्य आजार आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हे कार्य करीत आहे. शासनाची १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठी आणि १८००-११२-३५६ ही तंबाखूमुक्तीसाठी, अशा दोन दूरध्वनी सेवा विनामूल्य आहेत. हे क्रमांक विहाराच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहावेत. वेशीत पडलेल्या सागतांना भिक्खूंनी उचलून विहारात आणले होते. आपल्या वस्तीतील मुलालाही विहाराचे दार उघडे आहे, हे त्याला आपल्याकडूनच कळले पाहिजे.