खांद्याची झीज आणि दुर्बिणीचे ऑपरेशन
(लेखमाला : सांधे आणि आपण – लेखांक ७)

गेल्या आठवड्यात आखडलेला खांदा, म्हणजे ‘फ्रोझन शोल्डर’ पाहिला. त्यात एक्स-रे बहुधा साफ येतो आणि वर्ष-दोन वर्षांत बहुतेकांचा खांदा मोकळा होतो. झिजलेला खांदा असा आपोआप सुटत नाही.

खांद्याची झीज गुडघ्याइतकी सर्रास दिसत नाही. ज्यांना होते त्यांच्यामागे पुष्कळदा जुनी भानगड निघते. राजूर परिसरात चिखलणीत घसरून पडणे काही नवे नाही. तरुणपणी निखळलेला खांदा कुणीतरी ओढून बसवतो, तो पुन्हा पुन्हा निखळतो आणि पन्नाशीच्या आत कुरकुरू लागतो. वाकडे जुळलेले हाड किंवा आमवात ही आणखी दोन कारणे.

आत होते काय? दंडाच्या हाडाचे गोल डोके खांद्याच्या उथळ वाटीवर फिरते. दोन्हींवरची गुळगुळीत कूर्चा झिजली की हाड कडेने वाढू लागते. डोक्याच्या खालच्या कडेला लोंबणाऱ्या वाढीला सर्जन मंडळी ‘बोकडाची दाढी’ म्हणतात. एक्स-रे पाहिला की हे नाव अगदी पटते. या दाढीने सांध्याचे आवरण ताणले जाते, हात बाहेर वळत नाही, पाठीमागे जात नाही. तिथूनच, आवरणाच्या अगदी खालून, हात उचलणाऱ्या डेल्टॉइड स्नायूची नस जाते. दाढी मोठी असेल तर तीही दाबली जाऊ शकते.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात सेंटिमीटरभराच्याही आतली तीन-चार छिद्रे पाडतात. एकातून सुमारे 4 मिलिमीटर जाडीची दुर्बीण जाते, बाकीच्यांतून हत्यारे. सलाइनच्या पाण्याने सांधा फुगवून सुटे तुकडे काढायचे, फाटकी कूर्चा साफ करायची, आखडलेले आवरण सोडवायचे, दाढी तासायची आणि गरज असेल तर नस मोकळी करायची. नसेच्या इतक्या जवळ हाड तासायचे, म्हणून सर्जनचा हात सरावलेला हवा. ही सगळी कामे एकाच बैठकीत करण्याची पद्धत अमेरिकेत कोलोरॅडोतल्या व्हेल गावचे सर्जन पीटर मिलेट यांनी मांडली. त्यांच्या रुग्णांपैकी साधारण चारांतल्या तिघांना पाच वर्षांपर्यंत, तर दहांतल्या सहांना दहा वर्षांपर्यंत कृत्रिम सांधा लागला नाही. अर्थात हे पारखून निवडलेले रुग्ण, आणि सर्जनही त्याच कामात मुरलेले. आपल्याकडे हेच आकडे धरून बसू नये.

झीज यामुळे बरी होत नाही. काही वर्षे पदरात पडतात. पण पंचेचाळिशीच्या शेतकऱ्याला ती वर्षे मोलाची. कृत्रिम सांध्यात वाटीकडचा प्लास्टिकचा भाग कालांतराने सैल होऊ शकतो, आणि भाताचे भारे उचलणाऱ्या हाताला ते लवकर भोवते. उलट एक्स-रेवर सांध्याची फट 2 मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल, डोके चपटे झाले असेल किंवा वाटी मागून खचली असेल, तर दुर्बिणीवर पैसे घालवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून एक्स-रे समोरून आणि काखेतून, असा दोन्हीकडून काढून घ्या. ऑपरेशन ठरवण्याआधी व्यायाम, बेताने घेतलेल्या गोळ्या, सांध्यातले इंजेक्शन हे उपाय करून झालेले असावेत.

खरी कसोटी ऑपरेशननंतर लागते. सोडवलेले आवरण पुन्हा आखडू नये म्हणून हात दुसऱ्या दिवसापासूनच हलवावा लागतो आणि व्यायाम पुढे काही महिने चालतो. दर वेळी अकोले-संगमनेर गाठणे परवडणारे नाही. घराच्या आढ्याला कप्पी बांधायची, दोरीची दोन टोके दोन हातांत धरायची आणि चांगल्या हाताने ओढून दुखरा हात वर न्यायचा; हे घरी सहज जमते, मात्र फिजिओथेरपिस्टने एकदा समोर करून घ्यावे. जड कामाला चार-सहा महिने लागतात, तेव्हा भातकापणी उरकल्यावर ऑपरेशन केले तर आवणीपर्यंत हात कामाचा होण्याची आशा धरता येते. ते महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तारीख घेण्याआधीच विचारा.

(पुढील लेखांक : खांद्याचा सांधाबदल)