भगर की भाकरी? एका केटररची डिटेक्टिव्हगिरी

आपल्या होस्टेलवर कुणाचं पोट बिघडलं की निकाल दोन मिनिटांत लागतो. "मेसची भाजी!" साक्षीदार नाहीत, पुरावा नाही, एकदम शिक्षा! आणि ट्रेकला जाऊन बिघडलं तर? "त्या गावातलं जेवण!" खटला खलास.

इंग्रजीत डायन मॉट डेव्हिडसन या लेखिकेची रहस्यकथांची एक मालिका आहे. तिची नायिका गोल्डी ही पोलीस नाही, वकील नाही, साधी केटरर आहे. 'केटरिंग टू नोबडी' हे मालिकेतलं पहिलं पुस्तक १९९० साली आलं. त्यात गोल्डीच्या जेवणावळीत एका पाहुण्याला विषबाधा होते, तिचा धंदा बंद पडतो, आणि मग बाईंना स्वतःच गुन्हेगार शोधावा लागतो. कथा सोडा, पण मुद्दा खरा आहे. विषबाधेत ज्याच्यावर पहिला आळ येतो तो स्वयंपाकी, आणि कुठला पदार्थ कधी, कसा झाला हे सगळ्यात जास्त ठाऊक असतं तेही त्यालाच. मग आपल्या मेसवाल्या काकांनी डिटेक्टिव्ह व्हायचं ठरवलं तर? चला, एक केस रचूया. केस काल्पनिक आहे, पण तपासाची पद्धत अस्सल आहे.

केस : मुक्काम घाटघर

घाटघर म्हणजे नाणेघाटाच्या माथ्यावरचं, जुन्नर तालुक्यातलं गाव. (इलेक्ट्रिकलवाल्यांनो, तुमचं पंप्ड स्टोरेजवालं घाटघर वेगळं, ते अकोले तालुक्यात!) शेजारी जीवधन किल्ला, पावसाळ्यात धो धो पाऊस, आणि शेतात भात, नाचणी, वरी. या भागात बरीच घरं ट्रेकवाल्यांना जेवण करून देतात. पावसाळ्यातले ते चार पैसे त्या घरांना मोलाचे असतात.

समजा, आषाढी एकादशीला आपली ४० पोरं वैशाखऱ्याकडून नाणेघाट चढली. मेसच्या काकांनी पहाटे ५ वाजता उपवासाची भगर आणि दाण्याची आमटी डब्यांत भरून दिली होती. ती दुपारी ४ वाजता घाटातल्या लेण्यात खाल्ली गेली. रात्री ८ वाजता घाटघरला एका मावशींकडे पिठलं, तांदळाची भाकरी आणि ठेचा. साडेनऊपासून उलट्या, चक्कर आणि पोटात कळा सुरू. एकूण १३ जण आडवे! दुसऱ्या दिवशी होस्टेलवर एकच बोंब : "घाटघरच्या पिठल्यानं घात केला. परत तिथे जेवायचं नाही!"

काका म्हणाले, "पोरांनो, आधी डॉक्टर, मग डिटेक्टिव्ह." आजारी पोरांची सोय लावली, ओआरएस दिलं, आणि मग वही-पेन घेऊन खोल्याखोल्यांतून फिरले. प्रश्न चारच : कधी त्रास झाला? काय होतंय? काय-काय खाल्लं? आणि किती? पण हुशारी पुढे आहे. हे प्रश्न त्यांनी ठणठणीत असलेल्या २७ जणांनाही विचारले. आपण सगळे इथेच चुकतो. फक्त आजारी पोरांना विचारलं तर १३ पैकी ९ जणांनी पिठलं-भाकरी खाल्लेली निघते, आणि मावशी दोषी ठरतात. पण न पडलेल्यांनी काय खाल्लं?

काकांच्या वहीतला हिशोब असा :

पिठलं-भाकरी खाल्लेले ३२, आजारी ९, म्हणजे २८ टक्के.
न खाल्लेले ८, आजारी ४, म्हणजे ५० टक्के!

भगर-आमटी खाल्लेले १५, आजारी १२, म्हणजे ८० टक्के.
न खाल्लेले २५, आजारी १, म्हणजे ४ टक्के.

बघा गंमत! पिठलं न खाणारेच जास्त आजारी पडले, कारण त्यांत कडक उपवासवाले होते. आणि भगर खाणाऱ्या १५ जणांत खरे उपवासवाले पाचच. बाकीचे दहा 'एकादशी अन् दुप्पट खाशी'वाले : ४ वाजता भगरीवर ताव, ८ वाजता भाकरीवर! म्हणून तर घोटाळा झाला. वैद्यकात याला 'अटॅक रेट' म्हणतात. खाणाऱ्यांत किती टक्के आजारी आणि न खाणाऱ्यांत किती टक्के, हा फरक ज्या पदार्थात सगळ्यात मोठा, त्याच्यावर पहिला संशय. भगर खाऊन तिघं बचावले आणि भगर न खाता एक जण पडला, म्हणून हिशोब चुकत नाही. कुणी घासभरच खाल्लेलं असतं, कुणाला एसटीचं वळण लागलेलं असतं!

मग घड्याळावरून का नाही कळलं? कारण घड्याळ दोघांकडेही बोट दाखवत होतं. स्टॅफिलोकोकससारख्या जिवाणूचं तयार विष पोटात गेलं तर अर्ध्या तासापासून साधारण ८ तासांत उलट्या सुरू होतात. भगरीला साडेपाच तास झाले होते, पिठल्याला दीड. दोन्ही बसतात. साल्मोनेलाला मात्र बहुधा याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे घड्याळाने संशयितांची यादी छोटी होते, नाव ठरत नाही.

भगरीत काय बिघडलं?

आता काकांवरच बाजी उलटली. पण गडी प्रामाणिक. म्हणाले, "माझ्याच डब्यातलं आहे म्हटल्यावर मीच शोधायला पाहिजे." शक्यता दोन.

पहिली शक्यता धान्याची. भगर म्हणजे साल काढलेली वरी. सालासकट वरी खूप टिकते. साल निघालं की दाणा उघडा पडतो, आणि दमट हवेत त्यावर अॅस्परजिलस जातीची बुरशी वाढू शकते. तिची विषं शिजवूनही जातीलच असं नाही. म्हणून उपवासाच्या दिवसांत महाराष्ट्राचं अन्न व औषध प्रशासन सांगत असतं : सुटी भगर घेऊ नका, पाकीटबंद घ्या, तारीख बघा, फार दिवस साठवू नका, पीठ लागेल तेवढंच दळा. वरी सालासकट ठेवून लागेल तशी कांडण्याची जुनी रीत यासाठीच शहाणपणाची.

दुसरी शक्यता डब्याची. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. शिजलेलं धान्य कोमट राहिलं की ते जागे होतात आणि विष तयार करतात. मग पुन्हा गरम केलं तरी उलटीचं ते विष जात नाही. अन्न ६० अंशांच्या वर गरम ठेवा, नाहीतर लवकर थंड करून ५ अंशांच्या खाली ठेवा. मधला पट्टा धोक्याचा. आणि आपला डबा ११ तास त्याच पट्ट्यात!

यातलं नेमकं कुठलं, हे वही सांगू शकत नाही. वही पदार्थ दाखवते, कारण प्रयोगशाळा दाखवते. म्हणून प्रत्येक पदार्थाचा नमुना स्वच्छ डब्यात फ्रिजमध्ये बाजूला ठेवायचा. पातेलं घासलं की पुरावा गेला!

हे सगळं पुस्तकी वाटतंय? फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीला एकादशीच्या प्रसादानंतर सुमारे २००० लोकांना त्रास झाला. त्याच महिन्यात बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला दोरीला सलाईनच्या बाटल्या बांधून लोकांवर उघड्यावर उपचार करावे लागले. दोन्हीकडे पंगतीत भगर आणि आमटी होती.

आणि सिव्हिलवाल्यांनो, या विद्येतला एक मोठा डिटेक्टिव्ह आपल्याच जातकुळीचा! १९०६ साली न्यूयॉर्कजवळ ऑयस्टर बे इथे एका बंगल्यातल्या ११ पैकी ६ जणांना टायफॉइड झाला. जॉर्ज सोपर या सॅनिटरी इंजिनिअरनं तपास केला. आधी शिंपल्यांवर संशय आला, पण तो टिकला नाही. मग स्वयंपाकिणींची यादी तपासली, आणि नुकतीच येऊन गेलेली मेरी मॅलन सापडली. स्वतः आजारी नसूनही तिच्या शरीरात टायफॉइडचे जंतू होते. शिजवलेल्या अन्नातले जंतू मरतात, पण तिचं कच्च्या पीचचं आइस्क्रीम कोण शिजवणार?

आपल्या काल्पनिक केसचा शेवट? काकांनी मेसच्या नोटीस बोर्डावर स्वतःच्या हातानं लिहिलं : "घाटघरच्या जेवणात दोष नव्हता. डबा माझा होता. पुढच्या ट्रेकला भगर मिळणार नाही, उपवासवाल्यांनी केळी आणि खजूर न्यावेत." आणि घाटघरच्या मावशींना फोन करून सांगितलं, "ताई, पोरं परत येतील."

तेव्हा पुढच्या वेळी पोट बिघडलं की बोट दाखवण्याआधी वही काढा. आणि जे आजारी पडले नाहीत त्यांनाही विचारा. एखाद्याची चूल त्यावर अवलंबून असते!