मामा म्हणजे आई, मामी म्हणजे आईचं!

रात्रीचे साडेनऊ वाजले की मी ओटा तसाच टाकून फोनजवळ येऊन बसते. आमच्या सिद्धेश्वरला तेव्हा निजानीज झालेली असते. धरणाकडून गार वारा येत असतो. आणि तिकडे व्होल्गा नदीच्या काठी नुकते सात वाजलेले असतात. तिथे माझी लेक डॉक्टरकी शिकतेय. पूर्णेच्या काठावरची पोर व्होल्गेच्या काठावर! कर्ज काढून, मन घट्ट करून पाठवलेली.

मैत्रिणींनो, गोष्ट आहे गेल्या हिवाळ्यातली. फोन लागला आणि पलीकडून नुसता रडण्याचा आवाज. मग एकच वाक्य, "आई, मला परत यायचंय."

पोटात धस्स झालं. मनात नाही नाही ते येऊन गेलं. पण जे कळलं ते भलतंच होतं. पोर रडत होती ती चक्क व्याकरणापायी!

झालं होतं असं. तिचं कॉलेजातलं शिकवणं इंग्रजीतून. पहिली दोन वर्षं त्यावर निभावून गेलं. तिसऱ्या वर्षी वॉर्डात जायची वेळ आली. आता रुग्ण काय इंग्रजी बोलणार आहेत? आपल्याकडे औंढ्याच्या दवाखान्यात आलेली म्हातारी तिच्याच बोलीत सांगणार, तशी तिथली म्हातारी रशियनमध्येच सांगणार. त्या दिवशी लेकीने मधुमेहाच्या एका आजींना खाण्यापिण्याविषयी विचारलं. आजी म्हणाल्या, चहा घेते, "बेस साखरा". लेकीच्या कानाने पकडलं फक्त "साखर" आणि तिने वहीत लिहिलं, साखर घालून चहा. शेजारी उभ्या असलेल्या नर्सबाईंनी लगेच चूक सुधारली. नुकसान काही झालं नाही, पण सगळ्यांसमोर मान खाली गेली. आजी तर सांगत होत्या की साखरेशिवाय घेते!

"अगं, म्हणजे त्यांच्यातही साखरच म्हणतात?" मी डोळे मोठे करून विचारलं.

"हो आई, शब्द आपलाच वाटतो. पण शेपूट बदलतं ना! 'चाय स साखरम' म्हणजे साखरेचा चहा आणि 'चाय बेस साखरा' म्हणजे बिनसाखरेचा. अशा सहा केसेस आहेत. एकेका शब्दाची एकवचनात सहा, अनेकवचनात सहा रूपं. इंग्रजीत असं काही असतं का? मला नाही जमणार."

मी सहज बोलून गेले, "इंग्रजीत नसेल, पण मराठीत आहे की! साखर, साखरेचा, साखरेने, साखरेत. तू 'साखरचा चहा' म्हणतेस का कधी?"

पलीकडे एकदम शांतता. मग हळूच आवाज आला, "आई, म्हणजे हे विभक्तीच आहेत का गं?"

वहीत उतरल्या सहा बहिणी

दुसऱ्या दिवशी मी दिराच्या मुलाकडून मो. रा. वाळंबे यांचं मराठी व्याकरणाचं पुस्तक मागून आणलं. तो पोलीस भरतीची तयारी करतोय. मला हसून म्हणाला, "काकू, तुम्ही पण भरतीला चालल्या की काय?" मी बारावी झालेली बाई. शाळेत घोकलेलं "स, ला, ते, ने, ए, शी" अजून जिभेवर होतं, पण त्याचा अर्थ लागला तो आता, पंचेचाळिशीत.

विभक्ती म्हणजे काय, तर वाक्यात कोण काय करतंय हे शब्दाच्या शेवटावरून ओळखायची खूण. "आई मुलीला हाक मारते" म्हणा की "मुलीला आई हाक मारते" म्हणा, हाक मारणारी आईच. शब्द जागेवरून हलले तरी "ला" कुठे चिकटलाय ते बघून आपल्याला कळतं. इंग्रजीत शब्दांची जागा बदलली की अर्थही उलटा होतो. रशियनमध्ये मात्र आपल्यासारखंच, शेवट बघायचा आणि नातं ओळखायचं. आपल्या शाळेत संबोधन धरून आठ विभक्ती शिकवतात, रशियनमध्ये सहा.

लेकीने मला एक शब्द दिला, "मामा". रशियनमध्ये मामा म्हणजे आई! सासूबाईंना हे सांगितलं तर पदर तोंडाला लावून हसत बसल्या. म्हणाल्या, "कसला गं मेला देश, आईला मामा म्हणायलेत!" पण खरी गंमत तर पुढेच आहे.

पहिली विभक्ती, नाव सांगणारी. "मामा दोमा" म्हणजे आई घरी आहे. यात "आहे" म्हणायचीही गरज नाही.

दुसरी, "चा, ची, चे"वाली, म्हणजे आपली षष्ठी. मामाची झाली "मामी". "दोम मामी" म्हणजे आईचं घर. (ही "मी" जरा घशातून म्हणायची.) एखादी वस्तू किंवा माणूस नाही असं सांगतानाही हीच लागते. आई घरी नसेल तर "मामी न्येत दोमा". "शिवाय" या अर्थाच्या "बेस"नंतरही हीच. आजींच्या "साखरा"चं कोडं इथं सुटलं!

तिसरी, देण्याची. हिचं रशियन नावच "दातेल्नी", "दात" म्हणजे देणे यावरून. आपल्या "दान"मधलाच तो "दा". इथे मामाची होते "मामे", म्हणजे आईला.

चौथी कर्माची. "या ल्युब्ल्यू मामू" म्हणजे माझं आईवर प्रेम आहे. इथे "मामू".

पाचवी आपली तृतीया, "ने, ए, शी". "या गवर्यू स मामोय" म्हणजे मी आईशी बोलते. सुरीने कापलं, पेनाने लिहिलं, हेही याच विभक्तीत. "साखरम"सुद्धा इथलीच.

सहावी नेहमी आधी एखादा छोटा शब्द घेऊनच येते, एकटी कधी दिसत नाही. आईबद्दल म्हणायचं तर "अ मामे". शाळेत, घरात, गावात असं ठिकाण सांगायलाही हीच.

मामा, मामी, मामे, मामू, मामोय, अ मामे. भाकरी थापता थापता मी हे म्हणायला लागले. आठवड्याला एकच विभक्ती, एकच वाक्य, असा आम्ही मायलेकींनी नेम केला. तिच्या कॉलेजच्या नोट्समध्ये तक्तेच्या तक्ते होते. ते पाठ करताना ती रडकुंडीला आली होती. वाक्य मात्र लक्षात राहतं. तिथली शाळकरी पोरंही सहा विभक्तींचा क्रम लक्षात ठेवायला एक गमतीचं वाक्य म्हणतात म्हणे. इवानला मुलगी झाली आणि त्याने लंगोट आणायला फर्मावलं, असा त्याचा अर्थ. शब्दांची पहिली अक्षरं म्हणजे विभक्तींची पहिली अक्षरं. पोरं इथूनतिथून सारखीच!

"मला"ची मोठी मदत

जसजसं पुढे गेलो तसतसं कळलं, मराठी मुलीला रशियन शिकताना माहेरची शिदोरी बरीच आहे. त्यांच्यातही तीन लिंगं, तो, ती, ते. व्यंजनावर संपलेला शब्द बहुधा "तो", "आ"वर संपलेला बहुधा "ती" आणि "ओ"वर संपलेला "ते". आपल्या "शाळा"ची होते "शाळेत", तशी त्यांच्या "श्कोला"ची होते "व श्कोल्ये". हा योगायोग असेल, पण लक्षात ठेवायला किती सोपा!

जिवंत आणि निर्जीव असा भेदही आपल्यासारखाच. आपण "मी घर बघते" म्हणतो, पण "मी डॉक्टरांना बघते" म्हणतो. घराला "ला" लागत नाही, माणसाला लागतो. रशियनमध्ये "वीझू दोम" म्हणजे घर दिसतंय, इथे दोम बदलत नाही. पण डॉक्टर म्हणजे "व्राच" दिसला की "वीझू व्रचा". लेक म्हणाली, तिच्या वर्गातल्या पुष्कळांना हा नियम समजेना. हिला मात्र तो आधीच येत होता, फक्त येतो हे ठाऊक नव्हतं.

आणि दवाखान्यात सगळ्यात कामाला आली ती चतुर्थी. आपण दुखणं कसं सांगतो? "मला बरं नाही", "मला दुखतंय", "मला थंडी वाजते". रुग्ण रशियनमध्ये नेमकं तसंच सांगतो. "म्न्ये प्लोखा", मला बरं वाटत नाही. "म्न्ये बोल्ना", मला दुखतंय. "म्न्ये खोलद्ना", मला थंडी वाजतेय. वाक्याच्या सुरुवातीला "मला"! नाव सांगतानाही "मिन्या झवूत" अमुक, म्हणजे मला अमुक म्हणतात. लेक हे सारं इंग्रजीतून उलटसुलट करून शिकत होती. मी म्हटलं, "बाई गं, मधल्या पाहुणीला बाजूला बसव. थेट मराठीतून रशियनमध्ये जा."

जिथे मराठी दगा देते

पण म्हणून सगळंच सोपं नाही हं! काही ठिकाणी मराठीची सवयच आडवी येते. आपण म्हणतो "आईने चहा केला". इथे "ने" दिसला की लेक रशियनमध्येही तृतीया लावून "मामोय" म्हणायची. ते चूक. रशियनमध्ये काम करणारी आई भूतकाळातही "मामा"च राहते.

दुसरा घोटाळा जाण्याचा आणि असण्याचा. आपण "दवाखान्यात आहे" आणि "दवाखान्यात जाते" दोन्हीकडे "त" लावतो. रशियनमध्ये असेल तर "व बल्नीत्से", जात असेल तर "व बल्नीत्सू". एका स्वराने माणूस आत की बाहेर ते ठरतं.

तिसरा आकड्यांचा. एक गोळी "ताब्ल्येत्का". दोन, तीन, चार गोळ्या म्हटलं की "ताब्ल्येत्की", आणि पाचापासून पुढे "ताब्ल्येतक". औषध समजावून सांगताना याला पर्याय नाही, घोकायलाच लागतं.

गावांच्या नावांनी तर आम्हाला खूप हसवलं. आपलं सिद्धेश्वर व्यंजनावर संपतं, म्हणून ते रशियन नियमात मुकाट बसतं. "इज सिद्धेश्वरा" म्हणजे सिद्धेश्वरहून, "व सिद्धेश्वरे" म्हणजे सिद्धेश्वरात. औंढा "आ"वर संपतो, म्हणून "व औंढे". पण "ई"वर संपणारी परकी नावं बदलत नाहीत, त्यामुळे जिल्ह्याचं ठिकाण असूनही हिंगोली हटून बसते. कुठल्याही विभक्तीत घाला, हिंगोली ती हिंगोलीच! त्यातही त्यांच्याकडे आपल्यासारखा "ह" नाही, म्हणून ती होते खिंगोली.

साखरेचा लांबचा प्रवास

आता तुम्ही विचाराल, दोन भाषांत इतकं साम्य कसं? मराठी ज्या संस्कृत-प्राकृताच्या घरातली, ते घर आणि रशियनचं घर मुळात एकाच मोठ्या भाषाकुळातलं. संस्कृतात आठ विभक्ती, त्यांनी सहा राखल्या. आपला भ्राता तो त्यांचा "ब्रात", माता ती "मात", तीन ते "त्री". साखरेची गोष्ट मात्र वेगळी. ती आपल्याकडच्या "शर्करे"तून निघाली आणि प्राकृत, ग्रीक अशी फिरत रशियात पोचली. माझी पोर ज्या शब्दावर अडखळली तो तिच्याआधी किती शतकं तिकडे गेला होता!

हा रस्ता एकतर्फीही नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठीचं व्याकरण १८३६ मध्ये छापलं. पुढे १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांचा मोठा ग्रंथ आला. आणि १९६३ मध्ये तात्याना कातेनिना या रशियन विदुषींनी मराठीच्या व्याकरणावर रशियनमध्ये पुस्तक लिहिलं. म्हणजे कधीतरी तिकडची एक बाईही आपल्या "स, ला, ते"पुढे वही उघडून बसली असेलच ना? अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये रशियाला जाऊन आले आणि त्यांनी त्या प्रवासावर पुस्तकही लिहिलं. आज मुंबई विद्यापीठात आणि पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकवतात. तिकडे मुलं पाठवायचा विचार करणाऱ्या मैत्रिणींना माझं एवढंच सांगणं आहे. फी, थंडीचे कपडे, लोणच्याची बरणी यांची जशी आधी तयारी करता, तशी भाषेचीही करा. आणि जाण्यापूर्वी मुलांकडून मराठीच्या विभक्ती एकदा घासून घ्या. नाहीतर ती विमानात बसतात आणि जवळ आहे तीच शिदोरी घरी विसरून जातात.

लेक परत आली नाही. अजूनही चुकते, आकड्यांत तर हमखास. पण आता वॉर्डात शब्दाचं शेपूट नीट ऐकते. त्या दिवशी तिने मला शिकवलं, "खचू स्तात व्रचोम", मला डॉक्टर व्हायचंय. रशियनमध्ये होण्यालाही तृतीया लागते, "व्रचोम". मी म्हटलं, लागू दे. ज्या विभक्तीत व्हायचं त्या विभक्तीत हो, पण हो.

परवा रात्री नेट गेलं आणि फोन लागला नाही. सकाळी बघते तर तिचा निरोप येऊन पडला होता. मराठी अक्षरांत लिहिलेलं रशियन, "या दूमायु अ मामे". मी आईचा विचार करतेय.

सहावी विभक्ती. एकही चूक नव्हती.