दुसऱ्याच्या डोळ्यांनी आपले चित्र

शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेले आपल्यात पुष्कळजण आहेत. प्रमाणपत्र हाती आले आणि रंगपेटी माळ्यावर गेली, अशीच बहुतेकांची हकीगत. कारण विचारले तर उत्तर ठरलेले : ‘चित्रकला ही उपजत देणगी, ती आपल्यापाशी नाही.’ मला हे उत्तर पटत नाही. देणगीचा वाटा कोणी नाकारणार नाही. पण रेखाटन हा मुख्यतः नीट पाहण्याचा सराव आहे, आणि सराव कोणालाही करता येतो.

साधा पितळी तांब्या समोर ठेवून पाहा. त्याचे तोंड वाटोळे आहे हे आपल्याला ठाऊक असते. परंतु बसल्या जागेवरून ते लंबवर्तुळ दिसते. बूड जमिनीला सपाट टेकले आहे हेही ठाऊक असते, म्हणून नवशिका खाली सरळ रेघ ओढतो. प्रत्यक्षात बुडाची कड वाकलेलीच दिसते. किंबहुना, ती आपल्या डोळ्यांच्या पातळीपासून अधिक खाली असल्यामुळे तिचे लंबवर्तुळ तोंडापेक्षा अधिक गोलसर असते. डोळ्यांनी पाहण्याऐवजी आपण आठवणीतून काढतो, ही खरी अडचण.

यावर उपाय सोपे आहेत. रोज वीस मिनिटे बसावे आणि आठवडाभर एकच वस्तू काढावी. हात ताठ धरून, एक डोळा मिटून, पेन्सिलीने उंची-रुंदीचे प्रमाण मोजावे. डोळे किलकिले केले म्हणजे बारकावे पुसट होतात आणि छायाप्रकाशाचे मोठे भाग वेगळे दिसतात. दोन वस्तूंमधल्या मोकळ्या जागेचा आकार काढावा. कागदावर तारीख घालावी आणि जुना कागद फाडू नये.

पण नुसता सराव धोक्याचाही असतो. चुकीची रेघ शंभरदा ओढली तर तीच हातात बसते. आपल्या चित्राला आपले डोळे सरावलेले असतात, त्यामुळे दोष दिसत नाहीत. लिओनार्दो दा व्हिंचीने चित्रकारांना यासाठीच चित्र आरशात पाहण्याचा आणि इतरांचे मत ऐकून घेण्याचा सल्ला दिला आहे. आरशात चित्र उलटे होते, परक्याचे वाटते आणि कललेला चेहरा लगेच खुपतो.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगचे उदाहरण येथे फार बोलके आहे. चित्रकार व्हायचे त्याने १८८० साली, वयाच्या २७ व्या वर्षी ठरवले. शार्ल बार्गच्या चित्रपाठांवरून त्याने चिकाटीने नकला केल्या. ‘बटाटे खाणारी माणसे’ हे चित्र १८८५ मध्ये काढण्याआधी त्याने शेतकऱ्यांचे सुमारे चाळीस चेहरे रंगवले होते. या चित्राचा शिळाछाप पाहून त्याचा चित्रकार मित्र रापार्ड याने मानवाकृतींतील दोष कठोर शब्दांत दाखवले. व्हिन्सेंटने ते पत्र परत धाडले आणि मैत्रीत कायमची तेढ आली. तरीही १८८६ च्या आरंभी तो अँटवर्पच्या कला अकादमीत प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन करीत बसला होता. टीका बोचली, पण शिकणे थांबले नाही.

मैत्री राखून टीका करता येईल काय? आम्ही चौघेजण दर शनिवारी एकमेकांची चित्रे पाहतो, तेव्हा तीन नियम पाळतो. चित्र काढणाऱ्याने आधी प्रश्न विचारावा : ‘खांदा बरोबर बसला का?’ पाहणाऱ्याने ‘छान’ किंवा ‘काहीतरी चुकतेय’ एवढ्यावर सुटू नये. कोठे आणि किती, ते समोरच्या वस्तूशी ताडून सांगावे. आणि दुसऱ्याच्या चित्रावर आपली पेन्सिल चालवू नये. दाखवायचेच तर वेगळ्या कागदावर दाखवावे. मग बोलणे चित्राविषयीच राहते, माणसाला लागत नाही. पुढच्या शनिवारी तीच वस्तू पुन्हा काढायची, म्हणजे सूचना हाताने ऐकली की नुसती कानांनी, ते कळते.

आमच्या या बैठकीला मर्यादित जागा वगैरे काही नाही. ग्रंथालयामागच्या व्हरांड्यात दुपारी चार वाजता कागद, पेन्सिल आणि थोडा सोशिकपणा घेऊन यावे. प्राध्यापकांनीही अवश्य यावे. मात्र लाल शाईचे पेन घरी ठेवून, आणि आपले स्वतःचे चित्र बरोबर घेऊन.