माशाला ऊ लागते तेव्हा

चंद्रपूर-गडचिरोलीच्या माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलावांत रोहू, कतला, मृगळ आणि सायप्रिनस वाढतात. हौदातला रंगीत कोई हा सायप्रिनसचाच भाऊबंद, त्यामुळे दोघांची दुखणीही सारखीच.

मासा दगडाला अंग घासू लागला, मध्येच उसळ्या मारू लागला की जाळ्यात घेऊन पाहावा. पंखाच्या मुळाशी नखाएवढी चपटी, हिरवट पारदर्शक टिकली चालताना दिसली तर ती अर्ग्युलस, माशाची ऊ. खवल्यातून दोऱ्यासारखं टोक लोंबत असेल तर लर्निया. त्याचं तोंड मांसात नांगरासारखं रुतलेलं असतं. ओढून काढायला जाऊ नये, जखम चिघळते.

अर्ग्युलसची मादी मासा सोडून कठीण पृष्ठभागावर अंडी घालते. तिथेच तिला गाठायचं: पाण्यात बांबू रोवून ठेवावेत, दर आठवड्याला काढून कडक उन्हात वाळवावेत. बोटुकली सोडण्याआधी दहा लिटर पाण्यात पाव किलो मीठ घालून दोन-तीन मिनिटं बुडवावीत. उलटू लागली तर लगेच बाहेर. पोटॅशियम परमँगनेट पाण्याचं माप काढूनच, मत्स्य अधिकाऱ्याला विचारून. धानावरचं कीटकनाशक मात्र अंदाजाने ओतू नये, त्याच तलावावर गुरंही पाणी पितात.